शब्द टाकावा कुणाकडे?

रंगपंचमीला बावधनचं बगाड निघतं, त्या दिवशी वाई तालुक्यातून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली माणसं गावाकडं परततात. वाशीच्या बाजारातला माथाडी, चाकणच्या कारखान्यातला ऑपरेटर, हिंजवडीतला संगणकवाला, पोलिसातला, शाळेतला, सगळे एका शिवारात. बैलांच्या जोड्या बदलत बगाड सोनेश्वराहून गावाकडं सरकत असतं आणि बांधावर उभ्या असलेल्या बापमंडळींची वेगळीच बोलणी चाललेली असतात. "धाकट्याचा डिप्लोमा झाला. बघा कुठं लागलं तर." समोरचा मान हलवतो, नंबर घेतो, "सांगतो" म्हणतो.

अशा बोलण्यांचं पुढं काय होतं, हे नीट पाहिलं तर एक कोडं दिसतं. बाप आधी सख्ख्या भावाला सांगतो, मग मेहुण्याला, मग शेजाऱ्याला. ही माणसं मनापासून धडपडतात, तरी वर्ष निघून जातं. आणि एक दिवस फोन येतो तो मेहुण्याबरोबर कधीकाळी एका खोलीत राहिलेल्या माणसाचा. त्याला बाप आयुष्यात फार तर दोनदा भेटलेला असतो. जीव लावणारी माणसं जिथं कमी पडली, तिथं हा तोंडओळखीचा माणूस कसा उपयोगी पडला? उलट काही धंदे असे आहेत की तिथं सख्ख्या मामाशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. मग आई-बापांनी शब्द टाकायचा तो नेमका कुणाकडे?

बातमी वेगळी, हमी वेगळी

"पोराला कुठंतरी लावून द्या" म्हणताना आई-बाप एकाच दमात दोन वेगळ्या गोष्टी मागत असतात.

पहिली गोष्ट बातमीची. कुठं जागा आहे, कधी भरणार, काय येणं गरजेचं आहे, पगार किती. शिरवळ-खंडाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात किंवा वाईच्या एमआयडीसीत लाइनवर दोन माणसं कमी पडली, तर दर वेळी पेपरात जाहिरात येत नाही. सुपरवायझर आधी हाताखालच्या पोरांना विचारतो, "कुणी आहे का रे ओळखीचं?" पाचगणीच्या हॉटेलात हंगामाआधी माणसं लागतात, तेव्हाही असंच होतं. ही बातमी आतल्या माणसाकडून बाहेर येते. जो त्याच्या संपर्कात असेल, त्याला ती कळते.

दुसरी गोष्ट हमीची. पतसंस्थेत कर्ज मागायला गेलं की दोन जामीनदार विचारतात. कर्ज घेणाऱ्याला संस्था ओळखत नाही, जामीनदाराची पत तिला ठाऊक असते. हप्ते थकले तर वसुली जामीनदाराकडून होते, म्हणून तोही सही करण्याआधी दहादा विचार करतो. नोकरीसाठी शब्द टाकणारा असाच जामीन राहतो. मुलगा वेळेवर येईल, चोरी करणार नाही, महिन्यात पळून जाणार नाही, हे अर्जावरून कळत नाही. ते सांगणारा माणूस स्वतःची पत पणाला लावतो. मुलगा तिसऱ्या आठवड्यात गायब झाला, तर पुढच्या वेळी त्या माणसाचा शब्द कुणी घेत नाही, स्वतःच्या पुतण्यासाठीसुद्धा नाही.

या दोन गोष्टींना लागणारी माणसं वेगवेगळी असतात. हमी जवळचाच देऊ शकतो, कारण त्यालाच मुलगा माहीत असतो. नवी बातमी मात्र लांबच्याकडून येते. जवळच्याला जे ठाऊक आहे, ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. वरच्या कोड्याचं उत्तर इथं आहे. ते प्रत्यक्षात कसं चालतं, हे पाहायला सातारा-सांगलीसारखा दुसरा प्रदेश नाही. दुष्काळी माळ आणि डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या शेतीमुळे या दोन जिल्ह्यांनी पिढ्यान्पिढ्या माणसं बाहेर धाडली आणि ती ओळखीच्या बोटाला धरूनच गेली.

गिरणीच्या दारातला मुकादम

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची तयारी सुरू केली. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा, घाटावरचे इतर जिल्हे इथून माणसांची रीघ लागली. कामगार निवडण्यासाठी गिरणीत आजच्यासारखा मनुष्यबळ विभाग नव्हता. माणसं आणायची, कामाला लावायची, काढायची हे काम जॉबर म्हणजे मुकादम करायचा. गिरणीच्या दारात सकाळी बदली कामगार उभे राहायचे. त्या दिवशी कोण गैरहजर आहे ते पाहून मुकादम त्यांतले काही आत घ्यायचा आणि बाकीचे घरी परतायचे.

कुणाला घ्यायचं हे मुकादम कशावरून ठरवायचा? बहुतेक वेळा गाव, भावकी आणि जात यांवरून. गावाकडचा मुलगा मुंबईत उतरला की चुलता त्याला गावकीच्या खोलीवर न्यायचा. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं एकाच पंचक्रोशीतली असत. खानावळही ओळखीतली. मुलानं काही केलं तर बातमी चार दिवसांत गावात पोचायची आणि आई-बापाची मान खाली जायची. मुकादमाला हमी म्हणून एवढं पुरेसं होतं. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलं आहे की जॉबरची सत्ता गिरणीच्या चार भिंतींत मावणारी नव्हती. ती वस्तीतल्या या नात्यागोत्यांवर, उसनवारीवर, खोल्यांवर उभी होती.

या व्यवस्थेत लाच होती, जुलूम होता. नोकरी लावायची दस्तुरी मुकादम घ्यायचा. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने जॉबर पद्धतीवर कडक टीका केली. १९३५ साली मालकांच्या संघटनेनं बदली कामगारांना कार्डं देऊन निवड थोडी नियमात आणली. तरीही आत शिरायचं तर ओळख हवी, ही गोष्ट शेवटपर्यंत राहिली. बापाच्या खात्यात मुलगा लागला, मुलानं पुतण्याला नेलं, असं तीन-तीन पिढ्या चाललं.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर कधी मिटलाच नाही. एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. या घटनेकडे आपण कामगार चळवळीच्या अंगानं बघतो, ते बरोबरच आहे. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार बोचते. ज्या घराची सगळी ओळख एकाच धंद्यात होती, त्या घराची मुलाला नोकरी लावायची ताकद एका फटक्यात शून्यावर आली. चुलता गिरणीत, मामा गिरणीत, गाववाले गिरणीत. दुसऱ्या कुठल्या कामाची बातमी आणणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. पन्नास माणसं ओळखीची होती, पण त्या पन्नासांना माहीत होती ती एकच गोष्ट.

माथाडींची गोष्ट थोडी वेगळी झाली. पाटण तालुक्यातून मुंबईत गेलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा आला. हमालांची नोंदणी झाली, मंडळं झाली, भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. टोळीत नवा माणूस ओळखीचाच घ्यायचा ही रीत राहिली, पण तिच्याभोवती कायद्याचं कुंपण आलं.

विट्याचा गलाईवाला

जवळच्या नात्याची ताकद खरी किती असते, ते पाहायचं तर सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-विटा आणि आटपाडी भागात जावं. पावसानं पाठ फिरवलेल्या या पट्ट्यातली आणि शेजारच्या खटाव-माणची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. तमिळनाडू-केरळपासून बिहार-आसामपर्यंत जिथं सराफ बाजार आहे, तिथं एखाद्या बोळात मराठी माणसाचं सोनं-चांदी गाळायचं दुकान सापडतंच.

काम काय असतं? सराफ जुना दागिना आणून देतो. गलाईवाला तो मुशीत ठेवतो, टाकणखार टाकतो आणि भट्टीत वितळवतो. मळी वर येते, धातू खाली बसतो आणि तो ओतून लगड होते. सोनं शुद्ध करायचं असेल तर त्यात आधी चांदी मिसळून वितळवतात आणि तो मिश्र धातू नायट्रिक ॲसिडमध्ये टाकतात. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. हेच सोनं. धुवून वाळवून पुन्हा वितळवलं की ते पिवळं झळकतं. सोनारांच्या दुकानातला झाडलोटीचा कचरासुद्धा गाळतात, कारण त्यात कानशीनं निघालेला सोन्याचा कीस आणि धूळ असते.

आता विचार करा. अशा दुकानात भट्टीपुढे बसणाऱ्या मुलाच्या हाताखालून दिवसाला कितीतरी लोकांचं सोनं जातं. चिमटीभर भुकटी खिशात गेली तर कुणाला कळणारही नाही. दुकान परमुलखात, पोलीस अनोळखी, भाषा परकी. इथं अर्ज आणि मुलाखत यांचा काही उपयोग नाही. मालकाला असा मुलगा हवा, ज्याचं घर त्यानं पाहिलंय, ज्याचा बाप त्याला ठाऊक आहे, ज्याची जमीन गावात आहे आणि जो दिवाळीला याच एसटीनं याच गावात उतरणार आहे. म्हणून दहावी झालेला मुलगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानावर जातो, तिथंच राहतो, तिथंच झोपतो, काही वर्षं हाताखाली काढतो. पुढं तोच नातेवाईक भांडवलाला हात देतो आणि मुलगा दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान थाटतो. मग तोही गावाकडून मुलगा नेतो.

सरकारची कुठली योजना नसताना, बँकेचं मोठं कर्ज नसताना दुष्काळी तालुक्यांनी उभी केलेली ही व्यवस्था मला थक्क करणारी वाटते. तिची मर्यादाही तिच्यातच आहे. मामाकडं गलाईचं दुकान आहे, म्हणून भाचा गलाईत जातो. त्याला यंत्रं दुरुस्त करायची आवड असली तरी त्या रस्त्याची बातमी देणारा घरात कुणी नसतो.

लांबची माणसं उपयोगी का पडतात

१९७० च्या सुमारास मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ माणसांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून लागली होती. मग त्यानं पुढचा प्रश्न विचारला : ज्याच्याकडून कळलं, त्याला तुम्ही किती वेळा भेटत होतात? वारंवार भेटणाऱ्याकडून नोकरी कळलेले लोक १६.७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलेले ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून कळलेले २७.८ टक्के. १९७३ साली त्यानं यावर लिहिलेला निबंध समाजशास्त्रातल्या सर्वांत गाजलेल्या निबंधांपैकी एक ठरला.

कारण साधं आहे. माझा सख्खा भाऊ ज्या लोकांत वावरतो, त्याच लोकांत मीही वावरतो. त्याच्याकडची बातमी माझ्याकडे आधीच आलेली असते. तोंडओळखीचा माणूस दुसऱ्याच लोकांत वावरतो. वाईच्या हळदीच्या पेठेत आयुष्य काढलेल्या माणसाला पेठेतल्या प्रत्येक दुकानाची माहिती असते, पण हिंजवडीत कुठली कंपनी नव्या पोरांना घेतेय हे त्याच्या दहा जिवलग मित्रांपैकी एकालाही माहीत नसतं. ते माहीत असतं शाळेत एक वर्ष मागे असलेल्या मुलाच्या बहिणीला.

ग्रॅनोव्हेटरला आणखी एक गोष्ट दिसली होती. बातमी फार हातांतून फिरून आलेली नसते. एक, फार तर दोन माणसं मध्ये असतात. याच्या त्याच्या ओळखीनं चौथ्या माणसापर्यंत पोचलेला शब्द जाहिरातीइतकाच कोरडा होतो. त्यात हमी उरत नाही.

या विचाराची मोठी कसोटी अलीकडे झाली. लिंक्डइनवरच्या २ कोटींहून अधिक लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. 'तुम्ही यांना ओळखत असाल' अशी जी नावं पडद्यावर सुचवली जातात, ती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या तऱ्हेनं सुचवून कुणाला नोकरी लागते ते पाहिलं गेलं. अगदी जवळचे फारसे उपयोगी पडले नाहीत आणि अगदी परकेही नाहीत. मधले, म्हणजे थोडेफार समान ओळखीचे असलेले लोक सर्वांत उपयोगी ठरले. संगणकाशी निगडित क्षेत्रांत लांबची ओळख अधिक कामाला आली आणि जिथं संगणकाचा वावर कमी तिथं जवळची. गलाईचं दुकान आणि हिंजवडीची कंपनी यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कसा सांगणार?

बापाचा शब्द हलका का पडतो

"माझा मुलगा फार गुणी आहे" हे वाक्य मालकाच्या कानावर पडतं, तेव्हा त्याला त्यातून काही कळत नाही. कुठला बाप वेगळं सांगेल? लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर या अर्थतज्ज्ञांनी कोलकात्यात केलेला एक प्रयोग इथं समजून घेण्यासारखा आहे. लोकांना काही कामं करायला बोलावलं आणि नंतर सांगितलं, आता तुमच्या ओळखीचं कुणी आणा. काहींना माणूस आणल्याबद्दल ठरलेली रक्कम मिळणार होती. काहींना आणलेला माणूस कसं काम करतो त्यावर रक्कम ठरणार होती. दुसऱ्या गटातल्या लोकांनी नातेवाईक कमी आणि कामावरचे सहकारी जास्त आणले. म्हणजे कोण चांगलं काम करतो हे लोकांना साधारण माहीत असतं. स्वतःचं काही जाणार नसेल तर मात्र माणूस नात्याला जागतो.

मालकही हे ओळखून असतो. म्हणून मुलाविषयी आयटीआयच्या निदेशकानं, प्रशिक्षणार्थी असताना ज्याच्या हाताखाली काम केलं त्या फोरमननं, सुट्टीत ज्या दुकानात हिशेब लिहिले त्या दुकानदारानं सांगितलेलं वाक्य बापाच्या दहा वाक्यांपेक्षा जड असतं. आई-बापांनी स्वतः हमी देण्याऐवजी मुलाला अशी हमी देणारी माणसं कशी भेटतील, हे पाहणं अधिक कामाचं आहे, असं मला वाटतं.

मग आई-बापाची थेट मदत कधी उपयोगी पडते? स्वीडनमध्ये फ्रान्सिस क्रामार्झ आणि ओस्कार स्कान्स यांनी देशभरच्या नोंदींवरून हे तपासलं. शिक्षण कमी, गुण कमी, बेकारीचा काळ, अशा वेळी आई किंवा वडील जिथं काम करतात तिथं मुलाला पहिली नोकरी मिळण्याचं प्रमाण वाढतं. अशी मुलं सुरुवातीला कमी पगारावर लागतात, पण टिकतात आणि पुढं त्यांचा पगार इतरांपेक्षा बरा वाढतो. मात्र मूल कामाला लागलं त्याच सुमारास आई-बापाच्या स्वतःच्या पगारवाढीला खीळ बसते. उपकाराची किंमत कुणीतरी चुकवतंच.

आपल्याकडे ही किंमत बऱ्याचदा मूल चुकवतं. बापाच्या शब्दावर लागलेला मुलगा नोकरी वाईट निघाली तरी सोडू शकत नाही. साहेब ओरडतो, ओव्हरटाइमचे पैसे बुडवतो, पण घरून एकच निरोप येतो : "आमचं नाव घालवू नको." शब्द टाकणाऱ्याची पत राखण्यासाठी विशीतला मुलगा चार-पाच उमेदीची वर्षं घालवतो. आपण मुलावर हे ओझं टाकतोय, हे पालकांच्या लक्षातही येत नाही.

चौकट : शब्द टाकण्याआधी

"बघा काहीतरी" असं म्हटलं की समोरच्याला काय बघायचं ते कळत नाही. मुलगा काय शिकलाय, कुठल्या कामाचा सराव आहे, कुठं राहायची तयारी आहे, हे दोन वाक्यांत सांगावं. लांबच्या ओळखीच्या माणसाकडं नोकरी मागू नये, माहिती मागावी. "तुमच्याकडं या कामाला काय येणं गरजेचं असतं, मुलगा दहा मिनिटं फोन करू का विचारतोय" या विनंतीला सहसा कुणी नाही म्हणत नाही. फोन मुलानं स्वतः करावा. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्यानं सुचवलेलं नाव रीतसर नोंदवायची सोय असते आणि निवड झाली तर त्याला बक्षीसही मिळतं. तेव्हा त्याला जागेचा क्रमांक आणि बायोडाटा पाठवणं पुरतं, संकोचाचं कारण नाही.

सरकारी भरतीत ओळखीचा उपयोग जाहिरात वेळेवर कळण्यापुरता. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. "आत साहेब आपले आहेत, एवढे भरा" असं म्हणणारा माणूस फसवतोय, हे धरून चालावं. जमीन विकून असे पैसे भरलेली घरं आपल्या भागात कमी नाहीत.

मुलासाठी नोकरी, मुलीसाठी स्थळ

बगाडाच्या शिवारात उभ्या असलेल्या त्याच बापाला दोन मुलं आहेत असं समजा. एक डिप्लोमा झालेला मुलगा आणि एक बी.कॉम. झालेली मुलगी. मुंबईच्या पाहुण्याला तो मुलासाठी नोकरीचं विचारतो आणि मुलीसाठी स्थळाचं. ओळख तीच, पाहुणाही तोच. मुलीच्या नोकरीसाठी ती ओळख वापरावी, हे डोक्यातच येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि त्यात घराचंही नुकसान आहे.

याच मुद्द्यावर कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला दादरचा अभ्यास डोळे उघडणारा आहे. दादरमधल्या मराठी कुटुंबांनी साधारण वीस वर्षांत मुलं कुठल्या माध्यमात घातली आणि पुढं काय झालं, ते त्यांनी पाहिलं. १९९० नंतर मुंबईत इंग्रजी येणाऱ्याला मिळणारा पगार झपाट्यानं वाढला. तरी ज्या जातींतल्या पुरुषांचं गिरण्या-कारखान्यांतल्या कामगार नोकऱ्यांत पिढ्यांचं बस्तान होतं, त्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. कारण त्यांची नोकरी जातवाल्यांच्या ओळखीनं लागणार होती, तिथं इंग्रजीची गरज नव्हती. त्यांच्या बहिणींना अशी ओळख कधी मिळालीच नव्हती. त्यांना धरून ठेवणारं काही नव्हतं. त्या इंग्रजी शाळांकडं वळल्या आणि वरच्या जातींतल्या मुलींशी असलेलं त्यांचं अंतर कमी होत गेलं. भावांचं मात्र तसं झालं नाही.

ज्या ओळखीनं आजोबाला आणि बापाला तारलं, तीच ओळख नातवाला जुन्या जागी बांधून ठेवू शकते. जग संथ असतं तोवर हे कळत नाही.

यात आईची बाजू फार कमी बोलली जाते. आपल्याकडे मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. म्हणजे घरातल्या प्रत्येक सुनेला सासरच्या गावापलीकडची अख्खी दुसरी पंचक्रोशी ठाऊक असते : माहेर, मावशांची सासरं, शाळेतल्या मैत्रिणी कुठकुठं दिल्या ती गावं. बापाची ओळख भावकीत आणि पेठेत दाट असते, आईची विरळ पण लांबवर गेलेली. ग्रॅनोव्हेटरच्या हिशेबात नव्या बातमीसाठी नेमकी अशीच ओळख लागते. पण मुलाच्या नोकरीची बोलणी ओसरीवर पुरुषांत होतात आणि आईला निकाल तेवढा सांगितला जातो. बचत गटात नाहीतर मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आईनं टाकलेला एक निरोप कुठंवर जातो, ते घरांनी करून पाहावं.

ज्यांच्या ओळखीचं कुणी नाही

आतापर्यंत जे सांगितलं, त्याला एक काळी बाजू आहे आणि तिच्याकडं पाठ करून हा विषय मांडता येत नाही. ओळखीनं भरलेली प्रत्येक जागा ओळख नसलेल्या कुणालातरी बंद झालेली असते. आपल्याकडे ओळख जातीच्या आणि भावकीच्या कडेनं चालते, त्यामुळे बाहेर राहणारे कोण हेही ठरलेलं असतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं की 'घरची पार्श्वभूमी' मुलाखतीत आवर्जून विचारली जाते. जामीनदाराची पत तपासण्याचाच हा प्रकार. ज्याच्या घरातून पहिल्यांदाच कुणी शिकलंय, त्याला इथं सांगायला काही नसतं.

साताऱ्यानं यावरही एक वाट काढली होती. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची, स्वयंपाकही मिळून करायची. १९२७ साली महात्मा गांधींनी येऊन त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. 'कमवा आणि शिका' हे आपण ऐकलेलं असतं. पण त्या पंगतीतून आणखी एक गोष्ट मिळाली. ज्या मुलाच्या बापाला गावाबाहेर कुणी ओळखत नव्हतं, त्याला शंभर घरांतल्या शंभर मुलांची ओळख मिळाली, तीही भावकीबाहेरची. शिकलेली मुलं मास्तर झाली, कारकून झाली, मागून येणाऱ्यांना हात देऊ लागली. आई-बापाकडं जे नव्हतं ते संस्थेनं दिलं.

आजही शाळा-महाविद्यालयांना हे जमण्यासारखं आहे आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. वाईतल्या कुठल्याही शाळेतून दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीतली मुलं आज पुण्यात, मुंबईत, परदेशात, फौजेत, बँकेत, दवाखान्यात पोचलेली आहेत. त्यांची नावं हजेरीपटात आहेत. ती आता कुठं काम करतात आणि नव्या मुलाशी अर्धा तास फोनवर बोलायला तयार आहेत का, एवढी एक वही वर्गशिक्षकांनी भरून ठेवली, तर ऊसतोडणीच्या घरातून आलेल्या मुलीलाही हिंजवडीत ओळखीचा माणूस असेल.